'फाइल ठीक आहे' म्हणजे नेमके काय?

ठाण्याची वागळे इस्टेट ही जुनी औद्योगिक वसाहत. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १ ऑगस्ट १९६२ रोजी झाली आणि महामंडळाच्या अगदी सुरुवातीच्या वसाहतींत हिची गणना होते. इथल्या रस्त्यांना क्रमांक आहेत: रोड नंबर १६, रोड नंबर २२ असा पत्ता सांगितला की रिक्षावाल्याला पुरते. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत अनेक कारखान्यांच्या जागी काचेच्या इमारती उभ्या राहिल्या, संगणकाची कामे करणाऱ्या कंपन्या आल्या. तरीही आतल्या गल्ल्यांत लेथ, मिलिंग आणि सीएनसी यंत्रे चालणारे गाळे आहेतच. पूर्वी अशा गाळ्यात जॉबचे ड्रॉइंग अमोनिया प्रिंटच्या गुंडाळीत येई आणि फोरमनच्या कपाटात राही. कपाटाची किल्ली कोणाकडे आहे हे सगळ्यांना ठाऊक असे. आता ड्रॉइंग म्हणजे संगणकावरची एक फाइल असते आणि कपाटाच्या जागी कोपऱ्यात लुकलुकणारा एक डबा असतो. या लेखात त्या डब्याच्या किल्लीचा विचार करू.

समजा, एका गाळ्यात पाच-सहा संगणक आहेत. एक मालकाच्या केबिनमध्ये, एक हिशेबनिसाकडे, एक ड्रॉइंग काढणाऱ्याकडे, दोन यंत्रांजवळ. सर्वांच्या फायली एकाच संगणकावर ठेवलेल्या आहेत आणि बाकीचे संगणक तिथूनच त्या उघडतात. अशा संगणकाला फाइल सर्व्हर म्हणतात. शाळेच्या संगणक कक्षातही हीच व्यवस्था असते. तिथे ड्रॉइंगऐवजी गुणपत्रके आणि प्रश्नपत्रिका असतात, एवढाच फरक. सर्व्हरवर लिनक्स असेल, तर फायली वाटून देण्याचे काम बहुधा 'सांबा' नावाचा प्रोग्राम करतो. बाजारात मिळणाऱ्या फाइल साठवणुकीच्या अनेक छोट्या डब्यांतही आत सांबाच बसलेला असतो, पण डबा विकत घेणाऱ्याला त्याचे नाव दिसत नाही.

सांबाचा जन्म मोठा मजेशीर आहे. ऑस्ट्रेलियातील कॅनबेरा येथील ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीत अँड्र्यू ट्रिजेल हा विद्यार्थी पीएच.डी. करत होता. १९९१ च्या डिसेंबरात त्याला आपला पीसी आणि विभागातला युनिक्स संगणक एकमेकांशी जोडायचे होते. पीसी ज्या भाषेत फायली मागतो, तिचे दस्तऐवज त्याच्याजवळ नव्हते. तेव्हा त्याने तारेतून जाणारे संदेश टिपून घेतले, प्रश्न काय आणि उत्तर काय हे ताडले आणि तशीच उत्तरे देणारा प्रोग्राम लिहिला. त्या भाषेचे नाव 'सर्व्हर मेसेज ब्लॉक' म्हणजे एसएमबी. आयबीएममधील बॅरी फायगेनबॉम यांनी ती १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात तयार केली आणि पुढे मायक्रोसॉफ्टने ती वाढवली. ट्रिजेलच्या प्रोग्रामचे आधीचे नाव दुसऱ्या एका कंपनीच्या मालकीचे निघाले. म्हणून १९९४ मध्ये त्याने शब्दकोशाच्या फायलीत एस, एम आणि बी ही अक्षरे याच क्रमाने येणारे शब्द संगणकाकडून शोधून घेतले. त्यांत 'सांबा' हा ब्राझीलमधील नृत्यप्रकार सापडला.

सांबाने कोणता फोल्डर कोणाला दाखवायचा, कोणाला नुसता वाचू द्यायचा, कोणाला त्यात लिहू द्यायचे, हे सगळे एका साध्या मजकुराच्या फायलीत लिहिलेले असते. तिला कॉन्फिगरेशन फाइल म्हणतात. आपण तिला नियमांची फाइल म्हणू. तिचा एक तुकडा पाहा. प्रत्यक्ष फायलीत हे शब्द रोमन लिपीत असतात. इथे फक्त वाचण्याच्या सोयीसाठी त्यांचे उच्चार देवनागरीत दिले आहेत.

[ड्रॉइंग]
पाथ = /डेटा/ड्रॉइंग
व्हॅलिड युजर्स = अनिल, सुनीता
रीड ओन्ली = येस
राइट लिस्ट = सुनीता

चौकटी कंसात फोल्डरचे नाव. 'पाथ' म्हणजे तो डिस्कवर कुठे आहे ते ठिकाण. 'व्हॅलिड युजर्स' म्हणजे आत कोणी यायचे. 'रीड ओन्ली = येस' म्हणजे एरवी फक्त वाचता येईल, आणि 'राइट लिस्ट' म्हणजे अपवाद म्हणून कोणाला लिहिता येईल. ड्रॉइंग सुनीताने बदलावे, यंत्रावरच्या अनिलने ते पाहावे पण त्याला हात लावू नये, असा मालकाचा हेतू आहे. हा हेतू महत्त्वाचा आहे. ड्रॉइंगमध्ये भोकाचा व्यास चुकून बदलला गेला आणि तसेच दोनशे नग कापले गेले, तर ग्राहक ते नग घेत नाही.

प्रत्येक ओळीच्या डाव्या बाजूला जे नाव असते त्याला पॅरामीटर म्हणतात. सांबाला असे काहीशे पॅरामीटर ठाऊक आहेत. कोणी ते सगळे लिहीत बसत नाही. जो लिहिला नाही त्याची ठरावीक किंमत धरली जाते. 'रीड ओन्ली' लिहिले नाही तर ते 'येस' धरले जाते. पासवर्डशिवाय येणाऱ्या पाहुण्याला प्रवेश द्यायचा का, हे लिहिले नाही तर 'नाही' धरले जाते. या दोन्ही किमती सावधपणे निवडलेल्या आहेत. मात्र 'व्हॅलिड युजर्स' ही ओळ नसेल, तर ज्याचे खाते आणि पासवर्ड सर्व्हरवर आहे असा कोणीही चालतो. हे लक्षात ठेवू. पुढे याची गरज पडेल.

आता फाइल तपासण्याकडे वळू. सांबाबरोबरच 'टेस्टपार्म' नावाचा एक छोटा प्रोग्राम मिळतो. त्याच्या मूळ मजकुरावर कार्ल आउअर यांचे नाव आणि १९९३ हे साल आहे, म्हणजे तो जवळजवळ सांबाइतकाच जुना आहे. त्याचे काम एवढेच की नियमांची फाइल वाचायची आणि ती वाचताना काय अडले ते सांगायचे. यात एक चांगली गोष्ट अशी की फाइल वाचण्यासाठी सर्व्हर जो प्रोग्रामचा भाग वापरतो, तोच टेस्टपार्मही वापरतो. परीक्षक वेगळा आणि पेपर काढणारा वेगळा असला की दोघांच्या समजुतीत फरक पडू शकतो. इथे दोघांचे डोळे एकच आहेत. टेस्टपार्मला जे वाचता आले ते सर्व्हरलाही वाचता येणार.

वरच्या फायलीत घाईघाईत एक अक्षर राहिले असे समजा. 'व्हॅलिड युजर्स'च्या जागी 'व्हॅलिड युजर' असे एकवचन पडले. इंग्रजी म्हणून वाचणाऱ्या माणसाला ते खटकणारही नाही. टेस्टपार्म चालवले की पडद्यावर अशा अर्थाच्या ओळी येतात: 'व्हॅलिड युजर हा अनोळखी पॅरामीटर आढळला'; 'अनोळखी पॅरामीटरकडे दुर्लक्ष करत आहे'. आणि त्यानंतर लगेच 'फाइल ठीक वाचली गेली'.

या तिसऱ्या ओळीने भल्याभल्यांना चकवले आहे. 'ठीक' हा शब्द दिसला की डोळा तिथे थांबतो. त्यात काही आवृत्त्यांमध्ये टेस्टपार्म सुरुवातीलाच, एका वेळी किती फायली उघडता येतील याबद्दल एक लांबलचक निरुपद्रवी ओळ छापते. नवशिका तिलाच घाबरतो, इकडेतिकडे विचारतो, कोणीतरी सांगते की ते सोडून दे, आणि त्या भरात तो खालची 'दुर्लक्ष करत आहे' ही ओळही सोडून देतो. माझ्या मते या सबंध छापील मजकुरात 'दुर्लक्ष' हाच शब्द शोधायचा असतो.

दुर्लक्षाचा परिणाम काय होतो ते पाहा. 'व्हॅलिड युजर' ही ओळ सर्व्हरने टाकून दिली. म्हणजे त्याच्या दृष्टीने 'व्हॅलिड युजर्स' लिहिलेलेच नाही. तेव्हा ठरावीक किंमत लागू झाली: खाते असलेला कोणीही चालेल. आता ही ओळ ड्रॉइंगच्या नव्हे तर हिशेबाच्या फोल्डरवर होती असे धरा. पगारपत्रक गाळ्यातल्या प्रत्येक संगणकावर उघडू लागले. कोणाचेही काम अडत नाही, म्हणून कोणीही तक्रार करत नाही. ज्याला दिसायला नको त्याला दिसते आहे, ही गोष्ट दिसणारा माणूस सहसा सांगायला येत नाही.

याच्या उलट चूक घ्या. 'राइट लिस्ट' या शब्दातच चूक झाली. तीही ओळ टाकली जाईल, सुनीताला फाइल साठवता येणार नाही आणि पाच मिनिटांत ती नेटवर्क बघणाऱ्या मुलाला फोन करेल. दोन्ही चुका एका अक्षराच्याच आहेत. परवानगी देणारी ओळ गळाली की दार बंद होते आणि लगेच आरडाओरडा होतो. बंधन घालणारी ओळ गळाली की दार उघडते आणि शांतता असते. तपासणी हवी ती मुख्यतः या दुसऱ्या प्रकारासाठी, कारण पहिल्या प्रकाराची तपासणी माणसे न सांगताच करत असतात.

रेल्वेच्या सिग्नलमध्ये बिघाड झाला तर तो लाल व्हावा अशी रचना केलेली असते, म्हणजे बिघाडाचा परिणाम सुरक्षित बाजूला होतो. सांबानेही तसेच का करू नये? अनोळखी शब्द दिसला की सुरूच व्हायचे नाही, असे का नाही? वेबसाठी वापरला जाणारा अपाची हा सर्व्हर नेमके तसेच करतो. अनोळखी आज्ञा दिसली की तो सुरू व्हायला नकार देतो. दोन्ही बाजूंना काही ना काही म्हणणे आहे. सांबाची आवृत्ती बदलली की काही जुने पॅरामीटर रद्द होतात. अशा एका जुन्या ओळीपायी सकाळी साडेनऊला सगळा कारखाना अडून बसला, तर तेही परवडत नाही. पण माझे मत विचाराल तर प्रवेशासंबंधीच्या शब्दांबाबत सांबाने अधिक कडक असायला हवे होते.

आतापर्यंत पाहिली ती शब्दाची चूक. ती पकडली जाते, फक्त आपण वाचली पाहिजे. जिथे प्रत्येक शब्द शुद्ध आहे पण अर्थ चुकला आहे, तिथे खरी अडचण सुरू होते. 'शंकर हा गणपतीचा मुलगा' हे वाक्य व्याकरणाच्या पेपरात बरोबरच ठरेल. कर्ता, षष्ठी, सगळे जागच्या जागी आहे. टेस्टपार्म व्याकरणाचा परीक्षक आहे. पुराण त्याला ठाऊक नाही.

अशा शुद्ध पण चुकीच्या ओळींचे दोन-तीन नमुने सांगण्यासारखे आहेत. नियमांच्या फायलीत सर्वांत वर 'ग्लोबल' नावाचा भाग असतो. फोल्डरपुरती असलेली ओळ तिथे लिहिली तर ती सर्व फोल्डरांची ठरावीक किंमत बनते. एका फोल्डरसाठी 'गेस्ट ओके = येस' लिहायचे होते आणि ओळ चुकून वर 'ग्लोबल'मध्ये गेली, तर पाहुण्यांवरची बंदी सगळ्याच फोल्डरांवरून उठते. टेस्टपार्म काहीच बोलणार नाही, कारण तसे लिहायला परवानगी आहे. दुसरा नमुना पुनरुक्तीचा. वर 'रीड ओन्ली = येस' आणि दहा ओळींखाली त्याच फोल्डरात 'रायटेबल = येस' असेल, तर हे दोन्ही एकाच गोष्टीचे उलटसुलट शब्द आहेत आणि शेवटी लिहिलेला जिंकतो. वरची ओळ वाचून निर्धास्त झालेला माणूस फसतो. तिसरा नमुना उलट्या तिरप्या रेघेचा. ओळीच्या शेवटी ती रेघ आली, तर 'पुढची ओळ याच ओळीचा भाग आहे' असा सांबा अर्थ लावतो. विंडोजची सवय असलेला माणूस फोल्डरचा पत्ता लिहून शेवटी ती रेघ मारतो आणि पुढची बंधनाची ओळ पत्त्याच्या पोटात गडप होते.

मग उपाय काय? तो टेस्टपार्ममध्येच आहे, पण बहुतेक जण 'ठीक' शब्द पाहून तिथपर्यंत पोहोचत नाहीत. 'ठीक' म्हटल्यावर प्रोग्राम थांबतो आणि एंटर दाबायला सांगतो. एंटर दाबले की, आपण लिहिलेली फाइल नव्हे, तर त्याला जी समजली ती फाइल तो छापून दाखवतो.

पोलिसांनी नोंदवलेल्या जबाबाच्या शेवटी एक वाक्य असते: माझा जबाब मला वाचून दाखवला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे. माणूस सांगतो आपल्या बोलीत, हवालदार लिहितो सरकारी मराठीत, आणि या दोन्हींत फरक पडला असेल तर तो कळण्याची जागा म्हणजे हे वाचून दाखवणे. टेस्टपार्म नेमके हेच करतो. आपण 'रायटेबल = येस' लिहिलेले असेल तर तो 'रीड ओन्ली = नो' असे वाचून दाखवतो. पत्त्याच्या पोटात गेलेली ओळ पत्त्यालाच चिकटलेली दिसते. 'व्हॅलिड युजर' ही ओळ तर या छापील मजकुरात नसतेच. आपण लिहिलेली फाइल डावीकडे आणि हा जबाब उजवीकडे ठेवून ओळ न् ओळ जुळवली, तर आतापर्यंत सांगितलेले सगळे नमुने सापडतात. ठरावीक किमती मात्र तो एरवी छापत नाही. त्याही पाहायच्या असतील तर आज्ञेत उणे चिन्ह आणि 'व्ही' हे अक्षर जोडावे लागते. मग काही पाने भरतील एवढी यादी येते. ती एकदा तरी चाळावी. आपण न लिहिता काय काय मान्य केले आहे, ते तिथे दिसते.

आणखी एक सोय फार कमी लोक वापरतात. टेस्टपार्मला फायलीच्या नावापाठोपाठ एखाद्या संगणकाचे नाव आणि नेटवर्कवरचा पत्ता दिला, तर तो संगणक कोणत्या फोल्डरपर्यंत पोहोचू शकेल आणि कोणत्या नाही, हे तो एकेका फोल्डरचे नाव घेऊन सांगतो. 'होस्ट्स अलाऊ' या पॅरामीटरने कोणत्या पत्त्यांवरून यायचे ते ठरवता येते. तिथे '१९२.१६८.१.' असे शेवटच्या टिंबासह लिहिले तर त्या आकड्यांनी सुरू होणारे सगळे पत्ते चालतात. शेवटचे टिंब विसरले तर ते पूर्ण पत्ता म्हणून पाहिले जाते, असा पत्ता कोणाचाच नसतो आणि सगळेच बाहेर राहतात. शब्द तपासून हे कळत नाही. पण 'हा पत्ता दिला तर काय कराल?' असे विचारून कळते. ओळ वाचून समजून घेण्यापेक्षा उदाहरण घालून पाहणे अनेकदा सोपे असते, हे गणिताच्या शिक्षकांना वेगळे सांगायला नको.

टेस्टपार्मची मर्यादा त्याच्या माहितीपानात स्पष्ट लिहिलेली आहे: तक्रार नसेल तर सर्व्हर फाइल वाचू शकेल, एवढीच खात्री, फोल्डर प्रत्यक्ष मिळतील आणि मनासारखे वागतील याची हमी नाही. 'अनिल' हे नाव रोमन लिपीत दोन तऱ्हांनी लिहितात. फायलीत एक तऱ्हा आणि खात्यात दुसरी असेल, तर टेस्टपार्मला त्याचा पत्ता नाही. 'पाथ'मध्ये लिहिलेला फोल्डर डिस्कवर नसला तरी तो गप्प राहतो.

सर्वांत जास्त गोंधळ होतो तो दोन कुलुपांमुळे. एक कुलूप सांबाचे, दुसरे लिनक्सचे स्वतःचे. दोन्ही उघडली तरच फाइल उघडते, आणि टेस्टपार्म फक्त पहिले कुलूप पाहतो. लिनक्समध्ये प्रत्येक फायलीवर तीन आकडे असतात: मालकासाठी, गटासाठी आणि इतरांसाठी. वाचण्याचे ४, लिहिण्याचे २, चालवण्याचे १, आणि त्यांची बेरीज म्हणजे परवानगी. ६ म्हणजे ४ अधिक २, अर्थात वाचा आणि लिहा. ४ म्हणजे फक्त वाचा. ७ म्हणजे सर्व काही. ० ते ७ एवढेच अंक लागत असल्याने ही अष्टमान पद्धत होते. नववी-दहावीच्या मुलांना द्विमान पद्धत शिकवताना हे उदाहरण हातचे आहे, कारण ६ म्हणजे ११० आणि ४ म्हणजे १००. सांबात 'क्रिएट मास्क' नावाचा एक पॅरामीटर असतो आणि त्याची ठरावीक किंमत ०७४४ आहे. नव्या फायलीची परवानगी या चाळणीतून जाते. दोन्हीकडे १ असेल तिथेच १ उरतो. ०७४४ मध्ये गटाच्या वाट्याला ४ म्हणजे १०० आले. लिहिण्याचा मधला १ चाळणीतच अडकला. म्हणून सुनीताने तयार केलेली फाइल तिच्या गटातल्या दुसऱ्या ड्रॉइंगवाल्याला दिसते पण साठवता येत नाही. उपाय म्हणून तिथे ०६६४ लिहितात आणि फोल्डरचा गट एकच राहील असे पाहतात. घाईतला माणूस मात्र ०७७७ लिहून मोकळा होतो. टेस्टपार्म दोन्हींना 'ठीक' म्हणतो.

याच जातीची आणखी एक गोष्ट, मराठीत फायलींची नावे ठेवणाऱ्यांसाठी. लिनक्सवर फायलीच्या नावाला २५५ बाइटची मर्यादा असते, आणि यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीची प्रत्येक खूण ३ बाइट घेते. इथे खूण म्हणजे अक्षर नव्हे: 'क्षि'मध्ये क, हलन्त, ष आणि वेलांटी अशा चार खुणा, म्हणजे १२ बाइट होतात. 'इयत्ता दहावी तुकडी ब सहामाही परीक्षा गणित भाग एक गुणपत्रक अंतिम दुरुस्त' या नावात ६० खुणा आणि ११ मोकळ्या जागा आहेत. त्यांचे १९१ बाइट आणि शेवटच्या टिंबासह चार अक्षरी शेपटीचे ५, असे १९६ झाले. आता जेमतेम १९ खुणा शिल्लक. 'अंतिम दुरुस्त'नंतर कोणी आणखी दोन-चार शब्द जोडले की फाइल साठत नाही आणि दोष सर्व्हरला दिला जातो.

हे सगळे वाचून कोणी म्हणेल, गाळ्यातल्या पाच संगणकांसाठी एवढे कशाला? त्याला २०१७ चे उदाहरण द्यावे लागते. त्या वर्षी जूनच्या अखेरीस 'नॉटपेट्या' नावाचा घातक प्रोग्राम जगभर पसरला. विंडोजमधील एसएमबीच्या जुन्या आवृत्तीतला एक दोष आणि चोरलेले पासवर्ड यांच्या आधारे तो एका संगणकावरून दुसऱ्यावर जात होता. मर्स्क ही जहाज कंपनी त्यात सापडली आणि तिच्या समूहाकडून चालवले जाणारे, न्हावा शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातले गेटवे टर्मिनल्स इंडिया हे टर्मिनलही विस्कळीत झाले. ठाण्याच्या कारखान्यांचा माल ज्या बंदरातून परदेशी जातो, तेच हे बंदर. तो दोष विंडोजमधला होता. पण त्याच्या महिनाभर आधी, २४ मे २०१७ रोजी, खुद्द सांबातला एक गंभीर दोष जाहीर झाला होता. ३.५.० पासूनच्या सर्व आवृत्त्यांत तो होता. एखाद्या फोल्डरमध्ये ज्याला लिहिता येते असा माणूस तिथे आपला प्रोग्राम टाकून सर्व्हरकडून तो चालवून घेऊ शकत होता. सुधारित आवृत्ती मिळेपर्यंतचा तात्पुरता उपाय म्हणजे नियमांच्या फायलीत, 'ग्लोबल' भागात, एक ओळ घालायची: 'एनटी पाइप सपोर्ट = नो'. ज्यांनी ही ओळ घालताना एखादे अक्षर चुकवले असेल आणि 'ठीक' पाहून पडदा बंद केला असेल, त्यांचा सर्व्हर त्यांच्या नकळत उघडाच राहिला असणार. जिथे लिहिता येणारा पाहुण्यांचा फोल्डर होता तिथे तर पासवर्डचीही गरज नव्हती.

एसएमबीची ती जुनी पहिली आवृत्ती सांबाने २०१९ च्या ४.११ पासून मुळातच बंद ठेवली आहे. गाळ्यांत याचा वेगळाच त्रास होतो. काही जुन्या सीएनसी यंत्रांचा कंट्रोलर विंडोज एक्सपीवर चालतो आणि एक्सपीला पहिल्या आवृत्तीपलीकडची भाषा येत नाही. सर्व्हर नवा केला की यंत्राला फोल्डर दिसेनासा होतो. मग कोणीतरी 'सर्व्हर मिन प्रोटोकॉल = एनटी१' ही ओळ घालते आणि काम पुन्हा सुरू होते. टेस्टपार्मच्या मते हे ठीकच. पण एका यंत्रासाठी सगळ्या सर्व्हरला जुनी, कच्ची भाषा बोलायला लावली, ही किंमत तो सांगत नाही. अशा यंत्रासाठी वेगळा लहान सर्व्हर आणि वेगळी तार टाकणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. खर्च थोडा वाढतो, पण काही लाखांचे यंत्र असते तिथे तो फारसा नाही.

व्यवहारातली एक सूचना. चालू असलेली नियमांची फाइल थेट बदलू नये. सांबा ती फाइल दर काही मिनिटांनी आपण होऊन पुन्हा वाचतो, त्यामुळे अर्धवट लिहिलेली ओळही लागू होऊन बसते. फायलीची प्रत काढावी, बदल प्रतीत करावा, टेस्टपार्मला त्या प्रतीचे नाव द्यावे, आधीचा जबाब आणि नवा जबाब शेजारी ठेवून फरक पाहावा आणि मगच प्रत मूळ जागी न्यावी. आपण एक ओळ बदलली आणि जबाबात तीन ओळी बदलल्या, तर कुठेतरी पाणी मुरते आहे.

वर्गात हे सारे संगणकाशिवायही करून पाहता येते. फळ्यावर दहा शब्दांची यादी लिहा: 'कपाट', 'फक्त', 'सोडून', 'वाचा', 'न्या' अशी. एका विद्यार्थ्याला सर्व्हर करा. यादीत नसलेल्या शब्दाची ओळ तो मुकाट्याने सोडून देईल, आणि उरलेल्या ओळी अक्षरशः पाळेल. दुसऱ्याला टेस्टपार्म करा. तो कोणती ओळ सुटली ते सांगेल आणि उरलेल्यांचा अर्थ स्वतःच्या शब्दांत वाचून दाखवेल. बाकीच्यांनी गट करून वाचनालयाच्या कपाटासाठी पाच ओळींचे नियम लिहायचे, आणि ते लिहिण्याआधी आपला हेतू वेगळ्या कागदावर लिहून शिक्षकांकडे द्यायचा. आधी टेस्टपार्मला तोंड बंद ठेवून फक्त 'ठीक' म्हणू द्या आणि सर्व्हरला कपाट चालवू द्या. मग तोच खेळ, टेस्टपार्मने अर्थ वाचून दाखवल्यावर, पुन्हा खेळा. 'फक्त'ऐवजी 'केवळ' लिहिणारा एखादा गट बहुधा निघतोच. शब्द चांगला मराठी आहे, पण यादीत नाही, आणि त्या गटाचे कपाट सगळ्या शाळेसाठी उघडे राहते.